रेस सोडली की गाडी बंद पडते? आधी कारण शोधा, मग स्क्रू फिरवा



पूर्वी घराची ऐपत दारच्या बैलजोडीवरून कळत असे. आज वस्तीवरच्या बहुतेक घरांपुढे एक तरी मोटारसायकल उभी दिसते. पहाटे डेअरीला दूध तिच्यावरून जाते. मुलांची शाळा, आठवड्याचा बाजार, खताची गोणी, मळ्यातली न्याहारी आणि अडीअडचणीला रात्री-अपरात्री दवाखाना, सारे तिच्यावरच चालते. बैल आजारी पडला की आपण त्याचे डोळे पाहतो, शेण पाहतो, तो रवंथ करतो की नाही ते पाहतो. गाडी कुरकुरू लागली की मात्र आपण काहीच पाहत नाही. सरळ पाना हातात घेतो, नाही तर गॅरेजमध्ये गाडी लावून मिस्त्री मागेल ते पैसे मोजतो.

गावोगाव फिरताना एक तक्रार नेहमी कानी पडते. "साहेब, गाडी पळायला झकास आहे, पण रेस सोडली की बंद पडते." चौकात थांबले की बंद, गतिरोधक आला की बंद, बांधावरून वळताना बंद. गॅरेजच्या भाषेत यालाच 'गाडी स्लो धरत नाही' असे म्हणतात. आज याच दुखण्याचा विचार आपण करू.

हे दुखणे किरकोळ नव्हे

गाडी पुन्हा किक मारली की चालू होते, म्हणून पुष्कळजण महिनोन् महिने तशीच चालवतात. पण थोडा विचार करा. गळीत हंगाम चालू आहे. फाट्यावर तुम्ही हमरस्ता ओलांडत आहात. मागे पत्नी बसली आहे, तिच्या मांडीवर मूल आहे, एका बाजूने उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो आहे आणि ऐन मध्यावर गाडी बंद पडते. अशा वेळी किक शोधायलाही पाय गडबडतो. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेली गाडी चढावर बंद पडली तर ती सावरणे धडधाकट माणसालाही जड जाते.

यावर सर्वांना माहीत असलेला एक उपाय आहे. स्लोचा स्क्रू दोन फेरे पिळायचा आणि स्लो वाढवून टाकायचा. गाडी बंद पडत नाही, मालक खूश होतो. पण आता गियर टाकताना झटका बसतो. उतारावर रेस सोडली तरी गाडी पुढे ओढत राहते, ब्रेकवर ताण येतो. चौकात उभ्या उभ्या पेट्रोल जळते. आणि ज्या कारणाने गाडी बंद पडत होती ते कारण आत जसेच्या तसे राहते, नव्हे वाढत जाते.

उसाचे पान पिवळे पडले की लगेच युरिया टाकणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पान पिवळे का पडले? वाफ्यात पाणी साचले का? मुळाला हुमणी लागली का? लोह कमी पडले का? हे न पाहता युरिया टाकला तर पैसाही जातो आणि पीकही. गाडीचे तसेच आहे. स्लो वाढवणे हा उपचार नव्हे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार आहे.

स्लोला इंजिन कसे चालते?

दुखणे समजायचे तर शरीर थोडे समजले पाहिजे. इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, वेळेवर पडणारी चांगली ठिणगी, आणि सिलिंडरमधला दाब. या तिन्हींपैकी एक जरी कमजोर झाली तरी तिचा पहिला परिणाम स्लोवर दिसतो. गाडी वेगात असते तेव्हा एखादा ठोका चुकला तरी गतीमुळे तो झाकला जातो. स्लोला मात्र इंजिनाच्या अंगात ताकद कमी असते. शंभर सीसीच्या गाडीचे इंजिन स्लोला मिनिटाला साधारण १४०० फेरे घेते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा पेट्रोल पेटते, म्हणजे मिनिटाला सातशे ठोके. त्यातले दोन-चार लागोपाठ चुकले की इंजिन थांबते.

आता कार्बोरेटरकडे वळू. तुम्ही मूठ पूर्ण सोडता तेव्हा कार्बोरेटरमधला सरकता पिस्टन खाली बसतो आणि हवेची मोठी वाट जवळजवळ बंद होते. मोठ्या जेटमधून पेट्रोल येणेही थांबते. मग इंजिन जगते ते एका वेगळ्या, अगदी बारीक वाटेवर. त्या वाटेतल्या पितळी तुकड्याला स्लो जेट किंवा पायलट जेट म्हणतात. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे चटकन कळेल. मेन लाइनला पाणी भरपूर असते, सबमेनला दाब असतो, पण एका ड्रिपरच्या तोंडाशी क्षाराचा कण बसला की त्या झाडाला थेंबही मिळत नाही. स्लो जेटचे तसेच होते. मोठा जेट साफ असल्यामुळे गाडी रस्त्यावर उत्तम पळते, आणि बारीक जेट तुंबल्यामुळे चौकात बंद पडते. 'पळते झकास, पण थांबली की मरते' याचे हे एक कारण झाले. पण हेच एकमेव कारण नव्हे. म्हणून कार्बोरेटर खोलायची घाई करू नका.

पहिली पायरी : हात लावण्याआधी विचार

गाडी केव्हा बंद पडते, एवढे नीट पाहिले तर निम्मे काम होते. पुढील गोष्टी ताडून पाहा.

सकाळी थंड असताना बंद पडते, तापली की ठीक चालते : थंडीच्या दिवसांत पहिली दोन-तीन मिनिटे असे झाले तर काळजी नको. पण बराच वेळ चोक ओढून ठेवावा लागत असेल तर स्लोच्या वाटेने पेट्रोल कमी येते किंवा कुठून तरी जादा हवा शिरते.

थंड असताना ठीक, तापली की बंद पडते : चोक ओढलेला राहिला असेल, टॅपेट घट्ट झाले असेल, किंवा ठिणगी कमजोर होत असेल.

न्यूट्रलला चालते, पण गियरमध्ये क्लच दाबून थांबले की बंद पडते : दोष कार्बोरेटरचा नव्हे. क्लचची केबल ढिली होऊन क्लच पूर्ण सुटत नाही. केबलची चकती दोन फेरे आवळून पाहा. मागचा ब्रेक घासतो का, तेही चाक फिरवून पाहा.

हँडल डावी-उजवीकडे वळवले की स्लो कमी-जास्त होतो : ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते किंवा कुठे अडकते. हँडल वळवताच इंजिन एकदम बंद पडत असेल तर हँडलखालची वायर तुटत आली आहे.

गाडी धुतल्यावर किंवा पावसात बंद पडते : प्लगच्या टोपीत किंवा फिल्टरच्या डब्यात पाणी गेले आहे.

चार-पाच किलोमीटर चालून बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप चालू होते : टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल. बंद पडताच झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली तर कारण सापडले.

महिना-दोन महिने उभी होती आणि आता स्लो धरत नाही : वाटीतले जुने पेट्रोल उडून गेले आणि मागे चिकट थर राहिला. इथे मात्र स्लो जेटवरच संशय घ्यावा.

दुसरी पायरी : बिनखर्ची तपासणी

टाकीत पेट्रोल आहे का, हे टाकी हलवून नव्हे, झाकण उघडून पाहा. पेट्रोल कॉक पूर्ण उघडा आहे का? रिझर्व्हवर नीट चालते आणि मेनवर बंद पडते, असे तर नाही ना? चोकचा खटका पूर्ण बंद आहे ना? चोक अर्धवट राहिला की पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते. तापलेले इंजिन असल्या मिश्रणावर धुराडे होऊन बंद पडते. गाडी अनेकजण चालवत असतील तर हा दोष हमखास आढळतो.

कार्बोरेटरखालच्या नळीतून पेट्रोल ठिबकते का, तेही पाहा. ठिबकत असेल तर वाटीतल्या फ्लोटची सुई कचऱ्याने अडकली आहे. वाटीवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केले तर कधी कधी सुई सुटते. न सुटल्यास कॉक बंद करून ठेवा आणि वाटी साफ करून घ्या.

तिसरी पायरी : प्लगचा रंग

प्लग म्हणजे इंजिनाची जीभ होय. वैद्य जीभ पाहून पोट ओळखतो, तसे प्लगचे टोक पाहून आतले समजते. इंजिन गार झाल्यावर आधी प्लगच्या आजूबाजूची माती फुंकून काढा, नाही तर ती सिलिंडरमध्ये पडेल. मग प्लग खोला.

टोक विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर मिश्रण चांगले आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते किंवा हवा कमी मिळते. चोक आणि फिल्टर पाहा. ओला, काळा, तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येते. हे मिस्त्रीचे काम. टोक पांढरेफटक असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा कुठून तरी चोरटी हवा शिरते.

प्लग पितळी ब्रशने साफ करा. टोकाची फट पाहा. बऱ्याच जुन्या शंभर सीसी गाड्यांत ती ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात, काही गाड्यांत ०.८ ते ०.९. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडाच प्रमाण मानावा. फट वाढली की स्लोला ठिणगी चुकू लागते. शंका असेल तर त्याच नंबरचा नवा प्लग घालून पाहा. एवढ्या कमी पैशांत होणारी दुसरी खात्रीची परीक्षा नाही. प्लगची टोपी घट्ट बसते का, तिला चीर आहे का, तेही पाहायला विसरू नका. इंजिन चालू असताना मात्र टोपीला हात लावू नका, झटका जबर बसतो.

चौथी पायरी : फिल्टर

आपल्याकडची धूळ शहरातल्या धुळीसारखी नाही. मुरमाच्या रस्त्याचा फुफाटा, मळणीचा भुसा, तुरीची फोलपटे, सगळे फिल्टरमध्ये जमते. तो गुदमरला की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळते. प्लग काळा पडतो आणि स्लो बसतो. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीजवळ गाडी लावत असाल तर डबा उघडताना जपून उघडा. फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्या-कापसाचे घर केलेले आढळते, आणि कागदाचा फिल्टर तर तो कुरतडूनही टाकतो. नळ्यांच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर बांधले नाही ना, हेही पाहावे.

स्पंजचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, थोडे ऑइल लावून पिळून बसवा. साधा कागदाचा फिल्टर कधीही धुऊ नका. हलके झटका किंवा आतून बाहेर हवा मारा. काही गाड्यांत तेल लावलेला कागद असतो. तो झटकायचाही नसतो आणि धुवायचाही नसतो, पुस्तिकेतल्या मुदतीला बदलायचाच असतो. आणि फिल्टर काढून टाकून गाडी कधीही चालवू नका. आत गेलेली धूळ पिस्टन आणि सिलिंडर कानशीसारखी घासते.

पाचवी पायरी : चोरटी हवा

विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपला बारीक भोक पडले की काय होते? मोटार फिरते, आवाज येतो, पण पंप पाणी सोडतो. कारण पाण्याऐवजी तो हवा ओढतो. गाडीत कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडाला चीर गेली, तिथली रबरी रिंग चपटी झाली किंवा बोल्ट ढिले झाले तर असेच घडते. इंजिन तिथून फुकटची हवा ओढते आणि स्लोचे बारीक मिश्रण बिघडते. स्लो कधी वाढतो, कधी पडतो. रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो. प्लग पांढरा दिसतो.

याची परीक्षा सोपी आहे. इंजिन स्लोला चालू ठेवा, लागल्यास मुठीने किंचित रेस धरून. साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब त्या जोडावर सोडा. फेस आत ओढला गेला किंवा इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. काही मिस्त्री हीच परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. तसे तुम्ही मुळीच करू नका. एका ठिणगीने गाडीही जाईल आणि हातही भाजेल.

सहावी पायरी : कार्बोरेटर

इथवर काही सापडले नाही तर आता कार्बोरेटरकडे या. पण आताही तो खोलू नका. आधी गाडी गार होऊ द्या, कॉक बंद करा. वाटीच्या तळाचा छोटा स्क्रू ढिला करून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. बाटली पाच मिनिटे स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी आहे. लाल-तपकिरी कण दिसले तर टाकी आतून गंजली आहे.

पाण्याबद्दल एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. देशात २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल आपल्याच उसापासून, मक्यापासून आणि तुकडा तांदळापासून बनते, त्यामुळे शेतकऱ्याचा त्यात फायदा आहे. पण इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडे पाणी ते स्वतःत मुरवून घेते. मर्यादेबाहेर पाणी झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कार्बोरेटरला नेमके तळाचेच द्रव मिळते. म्हणून पावसाळ्यात झाकणाचे रबर खराब असलेली, उघड्यावर उभी राहणारी गाडी जास्त त्रास देते. शिवाय इथेनॉलमुळे मिश्रणात पेट्रोलचा अंश किंचित कमी पडतो, आणि जुन्या गाडीची रबरी नळी व वायसर लवकर कडक किंवा सैल होऊ शकतात. तेव्हा जुन्या गाडीच्या नळ्या वर्षातून एकदा वाकवून, दाबून पाहाव्यात.

पाणी निघाले तर टाकीही रिकामी करून स्वच्छ करावी. कण निघाले किंवा वाटीत चिकट थर असेल तर स्लो जेट साफ करावा लागेल. हे काम हाताला सवय असेल तरच घरी करा. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने धुवावा आणि हवेच्या दाबाने उडवावा. उजेडाकडे धरून छिद्र गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. तार, सुई, टाचणी आत घालू नका. जेट पितळी असतो, पितळ मऊ असते. छिद्र केसभर मोठे झाले तरी प्रमाण कायमचे बिघडते. मग कितीही स्क्रू फिरवा, गाडी सुधारत नाही.

आता स्लो लावण्याची पद्धत. कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. एक स्लोचा, तो पिस्टन किंचित उचलून धरतो. दुसरा मिश्रणाचा, त्याला आपल्याकडे एअर स्क्रू म्हणतात. दुसऱ्याला हात लावण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत बसवून किती फेरे झाले ते मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. चुकले तर निदान पहिल्या जागी तरी आणता येईल. जोर लावून आवळू नका, त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात.

मग तो पूर्वीच्या जागी आणून गाडी दहा मिनिटे चालवा. इंजिन तापल्याशिवाय स्लो लावू नये. चोक बंद ठेवून, स्लोचा स्क्रू थोडा वाढवून, एअर स्क्रू पाव-पाव फेरा दोन्ही बाजूंना फिरवा. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून आवाज ऐका. जिथे इंजिन सर्वांत जोमाने आणि एकसारखे चालते, तिथे तो ठेवा. आता स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणा. ठोके एकसारखे आणि शांत ऐकू आले पाहिजेत. शेवटी मूठ दोन-तीन वेळा पिळून सोडा. इंजिन खाली येऊन स्थिर राहिले तर काम फत्ते झाले.

काही गाड्यांत एअर स्क्रू कारखान्यातूनच बंद केलेला असतो. तो फोडून काढू नका. पी.यू.सी. तपासणीत धुराचे प्रमाण स्लोलाच मोजतात. मिश्रण बिघडले की तिथेही गाडी अडते.

सातवी पायरी : टॅपेट आणि दाब

'टॅपेट वाजत नाहीत, म्हणजे इंजिन उत्तम' असा एक समज आहे. तो नेहमीच खरा नसतो. टॅपेटला फट लागते, आणि ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ही फट अगदीच नाहीशी झाली तर इंजिन तापल्यावर धातू फुगतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. दाब निसटतो. किक हलकी लागते. सकाळी पहिल्या किकला चालू होणारी गाडी बाजारात जाऊन आली की स्लोला मरते. आवाज मात्र एकदम मऊ असतो. मालकाला वाटते इंजिन सुधारले, प्रत्यक्षात व्हॉल्व्ह जळत असतो. टॅपेटची फट गार इंजिनावर, फिलर गेजने, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे लावून घ्यावी. फट बरोबर असूनही किक हलकी असेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर रिंगा आणि सिलिंडर तपासावे लागतील.

२०२० नंतरच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही; संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारले जाते. या गाड्यांत पिळायला स्लोचा स्क्रू शोधू नका. मात्र घरी पाहण्यासारख्या काही गोष्टी आहेत. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली आहे का? ती टोके ढिली आहेत का? फिल्टर आणि प्लग ठीक आहेत का? साइड स्टँड खाली असताना गियर टाकला की इंजिन आपोआप बंद होणे, ही कित्येक नव्या गाड्यांत सुरक्षेची सोय आहे, दोष नव्हे. त्या स्टँडच्या स्विचवर चिखल साचला तर मात्र स्टँड वर असूनही इंजिन बंद पडू शकते. मीटरमध्ये इंजिनाचा दिवा लागून राहिला असेल तर तपासणीचे यंत्र असलेल्या मिस्त्रीकडेच जावे.

एवढे कटाक्षाने पाळा

पेट्रोलचे काम उघड्यावर, दिवसाउजेडी करा. जवळ विडी, चूल, देवाचा दिवा नको, मुलेही नकोत. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. ते ठसक्याबरोबर फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. पडवीत किंवा बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. काढलेले पेट्रोल मोरीत किंवा शेणखताच्या खड्ड्यात ओतू नका. आणि एका वेळी एकच बदल करा. प्लग, फिल्टर आणि स्क्रू तिन्ही एकदम बदलले तर गाडी कशाने सुधारली हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींवर खर्च होतो.

मिस्त्रीकडे गेलात तरी 'गाडी बघा' एवढेच सांगून घरी येऊ नका. 'तापल्यावर स्लो धरत नाही, प्लग पांढरा आहे, फिल्टर साफ केला, वाटीत पाणी नव्हते' असे सांगा. चांगल्या मिस्त्रीला याचा आनंदच होतो, कारण त्याचा वेळ वाचतो. बदललेला जुना भाग परत मागून घ्या.

मोसमाप्रमाणे देखभाल

आपण पिकाचे वेळापत्रक पाळतो, तसे गाडीचेही पाळावे. मृगापूर्वी टाकीच्या झाकणाचे रबर, प्लगची टोपी आणि केबली पाहाव्यात. पावसाळा सरला की वाटीतले पेट्रोल एकदा काढून पाणी आहे का ते पाहावे. सुगी आणि मळणी आटोपली की फिल्टर उघडावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे ओलसर हवेला आत जागा उरत नाही. मग कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे वाटी रिकामी होते.

आणखी एक. आता घरातल्या सुना-मुलीही गाडी चालवतात, दूध घालतात, मुलांना शाळेत सोडतात. रस्त्यात गाडी बंद पडली तर त्यांनाच तिथे उभे राहावे लागते. तेव्हा प्लग कसा काढावा, कॉक कुठे आहे, रिझर्व्हला कसा घ्यावा, टोपी कशी दाबावी, हे त्यांनाही दाखवून ठेवा. प्लगचा पाना, एक जादा प्लग आणि कोरडे फडके गाडीच्या खणात कायम असावे.

गाडी बोलत नाही, पण सांगते पुष्कळ. रेस सोडल्यावर ती जी कुरबुर करते ती नीट ऐका. पुढच्या वेळी स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी पाच मिनिटे पाहा, विचार करा आणि स्वस्तातल्या कारणापासून सुरुवात करा. बहुतेक वेळा कारण कचरा, पाणी, हवा किंवा प्लग यांतच सापडते आणि गाडी पुन्हा चौकात शांतपणे उभी राहू लागते.